एका तालुक्यातलं वर्ष

प्रवासाची हौस माणसाला पुढे ढकलते, लिहिण्याची हौस मागे खेचते. दिवसभरात एक किल्ला, दोन देवळं, एक घाट आणि एक धरण पाहून झालं की प्रवासाची हौस फिटते. रात्री वही उघडली की लिहिण्याची हौस विचारते, त्या देवळाचं कुलूप कोण उघडतं? घाटातल्या गावाला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं ते काळं-काळं काय होतं? यातल्या एकाचंही उत्तर येत नसेल, तर पाहिलेल्या ठिकाणाबद्दल चार ओळी खात्रीने लिहिता येत नाहीत. मग परत जावं लागतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'छंद' हा विषय ठरवला आणि वर्षभराच्या भटकंतीबद्दल आणि लिखाणाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा हे परत जाणंच माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर हिमाचल, राजस्थान, केरळ असे बेत आखले होते. गेल्या दिवाळीनंतर पहिलं पाऊल म्हणून जुन्नरला गेले, नाणेघाट पाहिला, रात्री लिहायला बसले आणि बाकीचे बेत बाजूला राहिले. वर्षभर मी जुन्नर तालुक्यातच जात राहिले, हिवाळ्यात, शिमग्याला, वैशाखात, भर पावसात. पश्चिमेला घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना पूर्वेला बेल्ह्याकडचा शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो, एवढा पल्ला या एका तालुक्यात आहे.

मुक्कामी गाडी

पुण्याहून जुन्नरच्या गाड्या वाकडेवाडीच्या स्थानकावरून सुटतात. भोसरी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, असा नाशिक रस्ता धरून जायचं आणि नारायणगावला डावीकडे वळायचं. स्वतःची गाडी मी मुद्दाम घरी ठेवली. एसटीत शेजारी कोण बसणार हे आपल्या हातात नसतं, आणि लिहिणाऱ्याला हेच हवं असतं. शिवाय मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आहे. त्याचा परिणाम तालुक्याच्या गाड्यांत उघड दिसतो. बाया एकट्या किंवा दोघी-तिघी मिळून निघतात. डॉक्टरकडे, बाजाराला, लेकीकडे, ओझरच्या गणपतीला. "आधी नवऱ्याला पैसे मागायचे म्हणजे कारण सांगावं लागायचं," असं ओतूरच्या गाडीत एक मावशी म्हणाल्या. कारण न सांगता घराबाहेर पडता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी त्या दिवशी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

महाराष्ट्रातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासून ज्या व्यवस्थेवर खेड्यांचा दिवस बेतलेला आहे ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून शेवटची फेरी घेऊन निघालेली गाडी घाटमाथ्यावरच्या गावात पोचते आणि रात्री तिथेच राहते. चालक-वाहक गाडीतल्या बाकांवर, देवळाच्या ओवरीत नाहीतर समाजमंदिरात पथारी टाकतात. कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येतं. पहाटे तीच गाडी कॉलेजची मुलं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं आणि तहसील कचेरीत खेटे घालणारे यांना घेऊन खाली उतरते. ती एक गाडी रद्द झाली तर गावातल्या मुलीचा त्या दिवशीचा वर्ग बुडतो. म्हणून मुक्कामी वाहकाला गावात पाहुण्यासारखं वागवतात. कुणाच्या घरी बारसं आहे, कुणाची म्हैस व्यायली, सगळं त्याला माहीत असतं.

गाडीतून माणसांखेरीज पुष्कळ काही जातं. पुण्यात शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे सकाळी गावाकडून येतात. डब्यावर नाव रंगवलेलं असतं, वरून फडक्याची गाठ, आणि तो चालकाच्या मागच्या जागेत उभा रचलेला. आईने पहाटे थापलेली भाकरी दुपारच्या आत मुलाच्या हाती पडते.

पावलं उरलेले राजे

जुन्नरहून घाटघरकडे जाणारा रस्ता संपतो तिथे सह्याद्रीही संपतो. डाव्या हाताला जीवधन किल्ला आणि त्याला लागून उभा वानरलिंगी सुळका, उजव्या हाताला नानाचा अंगठा, आणि मधल्या चिंचोळ्या खिंडीतून खाली कोकणात उतरणारी नाणेघाटाची दगडी वाट. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. थोडं खाली उतरलं की डावीकडे सातवाहनांनी खोदलेलं लेणं लागतं.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे उभं राहायला जागा नसते. वाऱ्याच्या जोराने धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं, ते बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. कणसं भाजणाऱ्यांची चांगली कमाई होते, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण लेण्यात जायचं तर मार्गशीर्षातला एखादा कामाचा दिवस धरावा. सकाळचं ऊन भिंतीवर तिरकं पडलं की अक्षरांच्या कडा वर येतात.

आतल्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळातला. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे. गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती. हे आकडे अक्षरांत न मांडता अंकचिन्हांनी कोरलेले आहेत, आणि भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी या लेखावर आणि त्यातल्या अंकांवर मेहनत घेतली.

समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी आणि नागनिका, राजकुमार, महारठी, अशी नावं वर ओळीने कोरलेली आहेत. मूर्ती मात्र गेल्या. खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्या दिसल्याच नव्हत्या, कारण बघायचं काय हे ठाऊक नव्हतं. रात्री लिहिताना पुस्तकं चाळली, पुढच्या खेपेला विजेरी घेऊन जमिनीलगत उकिडवी बसले आणि एकेक पाऊल शोधून काढलं. वर नाव आणि खाली पावलं, मधला माणूस नाही. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ होते.

नागनिकेच्या लेखात राजवैभव आहे. तालुक्यातल्या बाकीच्या लेण्यांतले लहान लेख मला त्याहून जवळचे वाटतात. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात. ती कुणी एका राजाने खोदवली नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली, असा लेख आहे. बांबूचं काम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींची नावं दानलेखांत येतात. चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला आहे. समुद्रापलीकडून आलेल्या घराण्यातला माणूस घाट चढून या गावात येतो, इथे रमतो आणि भिक्खूंना जेवायला जागा बांधून देतो, एवढं त्या एका ओळीत आहे.

शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला, म्हणून मराठी माणूस तिथे डोकं टेकवायला जातो, आणि जायलाच हवं. पण 1630 च्या त्या फाल्गुनाआधी या डोंगराच्या कड्यात माणसं दीड हजार वर्षांहून अधिक काळ वावरत होती, हे तिथे जाणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं. नाणेघाटातून माल वर यायचा तो या गावातल्या बाजारासाठी. जुन्नर श्रीमंत होतं म्हणून लेणी झाली, आणि मोक्याचं होतं म्हणून गड झाला. तुळजा लेण्यातलं वर्तुळाकार चैत्यगृह बघायला फारसं कुणी जात नाही. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती गोलाकार 12 अष्टकोनी खांब. मी त्या खांबांना हात लावत एक फेरी घातली. दगडाची घडण कुठे गुळगुळीत, कुठे छिन्नीचे टवके तसेच. एवढ्या जुन्या कामात दोन वेगळ्या कारागिरांचे हात ओळखू येतात, असं मला अजूनही वाटतं.

हिरडा

रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं ते काळं-काळं म्हणजे बाळहिरडा, हे मला वैशाखात कळलं.

घाटघर, अंजनावळे या पट्ट्यातली बहुतेक गावं महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात, आणि त्यानंतर हातात रोख पैसा आणणारी मोठी गोष्ट हिरडा. फळात आठी धरण्याआधी, ते कोवळं असतानाच उतरवायचं. आठी धरली की बाळहिरड्याचा भाव मिळत नाही. त्यामुळे चैत्र-वैशाखातले मोजके आठवडे घरात कुणी रिकामं नसतं. एकजण झाडावर चढतो आणि काठीने फांद्या झोडपतो, खाली बाया-पोरं वाकून वेचतात. पाचोळ्यात हिरवं फळ पटकन दिसत नाही. शेजारी बसून मीही वेचू लागले, तर माझ्या मुठीत चार येईपर्यंत पलीकडच्या आजीची पाटी भरत आलेली. कुठलं झाड कुणाचं, हे सातबारा न बघता सगळ्यांना माहीत असतं.

मग वाळवणं. अंगणात, पत्र्यावर, खडकावर, डांबरी रस्त्याच्या कडेला पातळ थर पसरायचा आणि दिवसातून परत परत हात फिरवायचा. हिरवं फळ आधी तपकिरी होतं, मग काळं पडून सुरकुततं. हातात घेऊन हलवलं की कोरडा आवाज यायला हवा. ओल राहिली तर बुरशी धरते आणि व्यापारी भाव पाडतो. वळवाचा ढग दिसला की सगळी वस्ती पळत सुटते, गोणपाटं, ताडपत्र्या, जुन्या साड्या, जे हाताला लागेल ते घेऊन. मी एकदा त्या पळापळीत होते. दहा मिनिटांत सगळं उचलून पडवीत आलं आणि मग पाऊस आलाच नाही. कुणी वैतागलं नाही, पुन्हा पसरायला लागले.

विक्री जुन्नरच्या व्यापाऱ्याला किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर. औषधांसाठी आणि कातडी कमावण्यासाठी हा माल दूरवर जातो. झाड लावावं लागत नाही, खत-पाणी घालावं लागत नाही, म्हणून शहरी माणसाला हे फुकटचं उत्पन्न वाटतं. प्रत्यक्षात झाडावरून पडून हात-पाय मोडलेला माणूस प्रत्येक वस्तीत आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या डोंगरांतले हिरडे उन्मळून पडले. भात बुडालं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं, हिरडा जोमाने फळायला एक पिढी जाते. पिकाच्या नुकसानीचे पंचनामे करण्याची आपल्याला सवय आहे, झाडाच्या नुकसानीची मोजणी करताना यंत्रणा अडखळते. त्या भरपाईसाठी इथल्या लोकांना मोर्चे काढावे लागले. ज्या झाडावर मुलांची शाळा, सणाचे कपडे आणि दवाखाना चालतो, त्या झाडाला पीक मानायला काय हरकत आहे, हे मला समजू शकलेलं नाही.

उसातलं जनावर

तालुक्याचा मधला भाग वेगळा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पातली धरणं याच तालुक्यात. पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. ऊस वर्षभराहून अधिक काळ उभा राहतो. त्यात सावली, लपण, जवळ पाणी आणि बांधावर कुत्री-शेळ्या. इथल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला आहे, जंगल त्यांनी पाहिलेलंही नाही.

2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथे माणसांवर फार हल्ले झाले. पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि लांबच्या जंगलात सोडायचे, हा तेव्हाचा उपाय. विद्या अत्रेय यांनी अभ्यासातून दाखवून दिलं की अशा सोडण्यामुळे त्या-त्या भागात हल्ले उलट वाढतात. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, घराकडे निघतं. त्यांच्याच प्रकल्पात 2009 साली माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात पट्टा बांधलेला 'आजोबा' चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला होता. पुढे त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला.

आता तोडणीच्या हंगामात उसात बछडी सापडली की तोड थांबते. वनखात्याची माणसं येतात, बछडी तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. रात्री मादी येते, खोकं उलथवते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी दोरीला बांधून बाज सोडतात. तो तिच्यावर चढून धापा टाकत बसतो आणि काठावर सगळं गाव जमतं. जखमी किंवा परत सोडता न येणारी जनावरं माणिकडोहच्या निवारा केंद्रात राहतात.

हे कौतुकाने लिहिता येतं, पण रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या घरी जेवायला बसले तेव्हा कौतुक टिकलं नाही. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. हातात विजेरी आणि काठी, मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी. त्याची बायको तो परत येईपर्यंत झोपत नाही. लहान मुलाला अंगणात एकटं सोडत नाहीत, शेळ्यांच्या गोठ्याला जाळी ठोकली आहे. दिवसा वीज द्या, ही मागणी या पट्ट्यात जिवाची मागणी आहे. शहरात बसून सहजीवनावर लिहिणाऱ्यांनी, आणि त्यांत मी आले, आधी या मागणीवर सही करावी.

तबकड्या आणि राहुट्या

नारायणगावपासून जवळच खोडदला टोमॅटोच्या मांडवांतून अचानक प्रचंड तबकड्या वर येतात. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतल्या 14 मध्यभागी आणि उरलेल्या तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभारली. पृष्ठभाग सलग पत्र्याचा न करता बारीक तारांची जाळी ताणून केला, त्यामुळे वजन आणि खर्च कमी झाला आणि वारा आरपार जातो. तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की आपल्या खिशातला आवाज त्यांना बुडवून टाकतो. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दारं सगळ्यांना उघडी असतात. आसपासच्या शाळांची मुलं आपापली उपकरणं मांडून उभी असतात. तबकडी फिरू लागली की पोरांची कुजबुज एकदम थांबते.

त्याच दिवसांत, तिथून काही अंतरावर, नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. चैत्रापासून गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि कुठल्या गावात कुठला फड नाचणार याचा करार या राहुट्यांत होतो. दर्शनी फडाच्या नावाचा फलक, आत गाद्या-लोड, एक टेबल आणि व्यवस्थापकाची वही. यात्रा कमिटीची माणसं चार राहुट्या फिरून येतात, चहा पितात, उठतात, परत बसतात. सगळं तिथीवर ठरतं. चैत्री पौर्णिमेला कित्येक गावांची यात्रा एकाच दिवशी येते, तेव्हा फडमालक सांगेल तो आकडा. आडव्या तिथीला गाव सांगेल तो. सुपारी ठरली की वहीत नाव चढतं आणि इसार मोजला जातो. वहीचं एकेक पान म्हणजे कलावंतांच्या पन्नास-साठ चुलींचं वर्ष. एका व्यवस्थापकाने ती पानं मला लांबूनच दाखवली. रिकाम्या तिथी त्याने लाल शाईने गोल केल्या होत्या, आणि त्या बऱ्याच होत्या.

वही

विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे गेले. गेले ते घरचं कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवायला. लिहिलं ते पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून, आणि 'माझा प्रवास' छापून आलं 1907 साली. कुठे काय खाल्लं, कुणी किती दिलं, कुठल्या वाड्यात विहीर होती, हे त्यांच्या ध्यानात पक्कं राहिलं, कारण त्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं पोट आणि जीव अवलंबून होता. हौसेने फिरणाऱ्यावर काहीच अवलंबून नसतं. त्याला लक्ष द्यायला कुणीतरी भाग पाडावं लागतं, आणि माझ्यापुरतं ते काम वही करते. म्हणून मी त्याच रात्री लिहिते. मुक्कामाच्या ठिकाणी दिवे गेले तर विजेरीच्या उजेडात लिहिते. किमती, अंतरं, झाडांची नावं, कुणी कुणाला काय हाक मारली. मतं दुसऱ्या दिवशी.

श्रावणात मी घाटघरला पुन्हा गेले. आवणी उरकली होती, खाचरांत इंद्रायणी हिरवीगार उभी होती आणि माणसांना बोलायला सवड होती. ज्यांच्या अंगणात हिरडा वेचला त्यांना त्यांच्यावर लिहिलेली पानं वाचून दाखवायची असं मनात होतं. पडवीत सात-आठजणी जमल्या. झोडपणं, वेचणं, वाळवणं, ढग, पळापळ, सगळं वाचलं. त्या ऐकत होत्या, मधे हसत होत्या. संपल्यावर पाटी भरणारी आजी म्हणाली, "ताई, तुम्ही वेचण्याचं लिहिलं, वाळवण्याचं लिहिलं. पैसे कुणाच्या हातात येतात ते नाही लिहिलं."

मग त्यावर तासभर बोलणं झालं. माल विकायला गडी जातात. वजन, भाव, कट्टी, उचल, सगळं त्यांच्याशी ठरतं. वर्षाच्या सुरुवातीला अडीनडीला घेतलेली उचल हिरड्यातून वळती होते, आणि बाईच्या हातात येतो तो किराणा. दोघींनी मात्र यंदा अर्ध्या तिकिटात जुन्नरला जाऊन आपापली गोणी स्वतः विकली होती. एकीने त्या पैशांतून पत्र्याची पेटी घेतली होती आणि तिची किल्ली गळ्यातल्या काळ्या मण्यांबरोबर ओवली होती. पुढच्या वैशाखात गोणी घेऊन निघणाऱ्या बायांबरोबर मी त्याच गाडीने जुन्नरच्या व्यापाऱ्याच्या काट्यापर्यंत जाणार आहे. त्यांनी मला पहाटेच्या गाडीची वेळ सांगून ठेवली आहे.